न आलेल्या वक्त्याचं व्याख्यान

१

घंटा नाहीशी झाली त्या दुपारी धर्म-अभ्यास विभागाच्या वाचनालयात चाळीसेक माणसं एका अशा वक्त्याची वाट पाहत बसली होती, जो मुळात जन्मालाच आला नव्हता.

अर्थात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की खिडकीपुढचं झाड मध्येच दिसायचं, मध्येच पुसलं जायचं. आत हीटर लावलेला. उबेनं माणसं सैलावली होती. कुणी हनुवटी छातीवर टेकली होती, कुणी उघड्या डोळ्यांनी झोपलं होतं. दोन हलक्या घोरण्यांची आपसात जुगलबंदी चालली होती.

सूचनाताई दाराशी बसल्या होत्या. त्यांचं खरं नाव विभागात कुणी घेत नसे. दर आठवड्याला त्या एक पत्रक काढत: धर्माच्या अभ्यासकांसाठी कुठं परिसंवाद आहे, कुठं निबंध मागवलेत, कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आलीय. स्वतः त्यांनी याच विभागात वीसेक वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हे काम अंगावर घेतलं आणि विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, पहिल्याच दिवशी त्यांना हे नाव बहाल केलं. आता देशोदेशीचे लोक त्या पत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

आजचं व्याख्यानही त्याच पत्रकात छापलं होतं. दूरच्या विद्यापीठातल्या एका विदुषीचं, विषय ‘मुकी घंटा: नवा पुरावा’. ताईंनी नेहमीप्रमाणे उलट विचारणा केली होती, नम्र उत्तरही आलं होतं.

बाई काही आल्या नाहीत. धुक्यात गाडी अडकली असेल, असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. मग ते सांगणंही थांबलं आणि खोलीभर एक गोड, जड शांतता पसरली. ताईंना डुलकी लागली. त्यांना दिसलं की व्याख्यान सुरू झालंय, वक्त्या फार सुंदर बोलताहेत, फक्त त्यांना आवाज नाही आणि समोरची माणसं माना डोलावताहेत.

“चला, व्याख्यान नाही तर नाही, घंटा तरी बघू या,” सर मोठ्यानं म्हणाले. ताई दचकून जाग्या झाल्या. सर पहिल्या रांगेतून उठले होते, अंगात तो त्यांचा गुडघ्यापर्यंतचा ओव्हरकोट. त्यांनी शेजारच्या संग्रहपालांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं अंगण ओलांडून समोरच्या संग्रहालयाकडे निघाले. धुक्यानं दोघांना चार पावलांत गिळलं.

लोक कपबशांकडे वळतायत तोवर तिकडून सरांची हाक आली.

“अहो, धावा कुणीतरी! घंटा नाहीय!”

२

घंटा म्हणजे काही सोन्याचांदीची नव्हे. मुठीएवढी, काशाची, काळपट पडलेली. तिचं मोल निराळ्याच गोष्टीत होतं. तिला आत लोलक, म्हणजे टोल देणारी जीभ, नव्हता. दूर डोंगरातल्या एका खिंडीत पूर्वी एक छोटा समाज राहत असे. तीस वर्षांपूर्वी, ऐन तरुणपणी, सरांनी निबंध लिहून सिद्धान्त मांडला की ते लोक शांततेची उपासना करत आणि म्हणून त्यांनी घंटाच मुकी घडवली. तो समाज आता उरला नव्हता. त्या निबंधावर सरांचं नाव झालं, त्या नावावर विभाग उभा राहिला.

आणि आता त्याच घंटेवर धाकटीचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. धाकटी म्हणजे विभागातली सर्वांत लहान संशोधक. पाच वर्षं तिनं ‘मुक्या घंटेचे लोक’ या विषयावर प्रबंध लिहिला होता. परदेशातल्या एका संस्थेची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती, पण घंटेसकट. पुढच्या महिन्यात तिथं मोठा परिसंवाद होता. घंटा नाही तर शिष्यवृत्ती नाही.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: सर, संग्रहपाल, धाकटी. आणि ते तिघंही तासभर वाचनालयात बसलेले चाळीस जणांनी पाहिले होते. दूरच्या त्या विद्यापीठाला विचारलं, तर अशी कुणी बाई तिथं नव्हतीच.

“खोटं व्याख्यान ठेवून सगळ्यांना इकडे गोळा केलं आणि तिकडे हात मारला,” कुलसचिव म्हणाले. “तिसऱ्याच कुणाकडे तरी चौथी किल्ली आहे. आणि किल्लीचा साचा देणार कोण? ज्याच्या ताब्यात संग्रहालय आहे तो.”

संग्रहपाल म्हणजे ताईंचे धाकटे दीर. ताईंचे यजमान गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत. भाऊजी मितभाषी, सोडा-बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, आणि वस्तूंवर माणसांपेक्षा जास्त माया. चौकशीत ते जे बोलले त्यानं त्यांची बाजू आणखीच लंगडी झाली.

“साहेब, मी व्याख्यानाला निघालो तेव्हा घंटा जागेवर होती. स्वतः पुसून ठेवली होती. आणि... एक सांगू का? सर आणि मी परत आत गेलो ना, तेव्हा ती वाजली.”

“काय वाजली?”

“घंटा.”

कुलसचिवांनी सरांकडे पाहिलं. सरांनी दुःखानं मान हलवली. “मला काही ऐकू आलं नाही. बिचारे दमलेत.”

ज्या घंटेला जीभच नाही ती वाजली, आणि तीही चोरीला गेल्यानंतर! सोमवारी भाऊजींच्या हातात निलंबनाचा कागद पडणार, हे त्या संध्याकाळीच ठरलं.

३

ताईंना झोप नव्हती म्हणून त्या चालत राहिल्या. धुकं दुसऱ्या दिवशीही उठलं नव्हतं. त्यातून माणसं स्वप्नातल्यासारखी पुढ्यात येत आणि बोलून पुन्हा विरून जात.

पहिले भेटले पाहुणे. हे दुसऱ्या विद्यापीठातून वर्षभरासाठी आलेले प्राध्यापक. सरांचा सिद्धान्त म्हणजे निव्वळ कविता आहे असं ते दहा वर्षं लिहीत आले होते. व्याख्यानाला ते अर्धा तास उशिरा, बूट चिखलानं भरलेले, असे आले होते. साहजिकच सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर.

“कुठं होतात तुम्ही?” ताईंनी सरळ विचारलं.

पाहुण्यांचा चेहरा पडला. “हसू नका. बसथांब्यावर होतो. हातात फुलं घेऊन.”

“कशाला?”

“अहो, नवा पुरावा म्हणे! मला वाटलं, जगात कुणीतरी एक माझ्या बाजूचं निघालं. म्हटलं, बाईंना सामोरं जावं.” त्यांनी चष्मा पुसला. “घंटा मी चोरीन होय? मला तर ती तपासली जायला हवी होती. घंटा गेली म्हणजे माझा वादही गेला. आता सरांचंच खरं, कायमचं.”

ताई त्या शेवटच्या वाक्यापाशी थबकल्या. पण पाहुणे तोवर धुक्यात निघून गेले होते.

धाकटी तिच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून बसली होती. रडून झालेलं दिसत होतं.

“ताई, पुढच्या महिन्यात तिकडे यंत्राखाली घालणार होते हो तिला. धातूच्या आतलं दिसतं त्यात. कशी ओतली, कुठं जोड, कुठं कानस फिरली, सगळं. एकदा का आत लोलकाची कडी कधीच नव्हती हे सिद्ध झालं असतं, की सरांना बोलायला कुणाला जागाच राहिली नसती.”

“सर खूश असतील ना?”

“होते ना,” ती म्हणाली. “म्हणजे, घंटा पाठवायच्या परवानगीवर सही द्यायला मात्र तीनदा विसरले. शेवटी मीच मागे लागले. वयानं होतं हो तसं.”

“काल तुझ्या शेजारीच बसले होते ना?”

“हो. आश्चर्यच! दुसऱ्या कुणाच्या व्याख्यानाला सर कधी गेलेत? आणि काल आल्या-गेल्या प्रत्येकाशी बोलत होते. दोनदा मोठ्यानं वेळ विचारली. त्या उबेत कोट घालून बसलेले, घामानं निथळत होते. मी म्हटलं काढा, तर नको म्हणाले.”

ताई उठल्या. जे मनात येत होतं ते त्यांना नको होतं.

४

“भाऊजी, डोळे मिटा,” घरी येऊन त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुम्हीपण? मी वेडा नाही हो.”

“म्हणून तर म्हणते. मिटा.”

स्वयंपाकघरात ताईंनी एकेक वस्तू वाजवायला घेतली. चमच्यानं पेला वाजवला. भाऊजींनी मान हलवली. पळीनं परात वाजवली. नाही. उलथन्यानं कढई वाजवली, त्यावर तर भाऊजी हसलेच. मग ताईंनी फळीवरचा सासूबाईंच्या वेळचा काशाचा वाडगा काढला आणि पदराशी खोचलेला किल्ल्यांचा जुडगा त्यावर हलकेच टेकवला.

नाद उठला. बारीक, मऊ, लांबत गेलेला.

भाऊजींनी डोळे उघडले. “हाच. पण ह्याहून गोड. आणि कसा... कापडातून आल्यासारखा.”

“तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“चष्मा पुसत होतो. गारठ्यातून उबेत गेलं की भिंगांवर वाफ धरते ना. काही म्हणजे काही दिसेना. सर पुढं होते. म्हणाले, थांबा, मी उघडतो कपाट. मग तो आवाज. मग सर ओरडले.”

ताई खाली बसल्या.

“वहिनी? काय झालं?”

“मला सांगा, गुरुवारी दुपारी तुम्ही कुठं असता?”

“इथं. घरी. गुरुवारी दुपारी संग्रहालय बंद असतं. जेवतो आणि ताणून देतो, तुम्हाला काय माहीत नाही?”

“मग या गुरुवारी?”

“त्या बाईंनीच कळवलं होतं ना तुम्हाला, संग्रहपालांनी अवश्य थांबावं म्हणून. म्हणून थांबलो, साफसफाई करत बसलो.”

“तेच तर,” ताई हळूच म्हणाल्या. “सगळे म्हणतात, खोट्या व्याख्यानानं संग्रहालय रिकामं केलं. पण ते रिकामंच असतं! चोराला अख्खी दुपार मोकळी होती. त्या व्याख्यानानं उलट तुम्हाला तिथं नेऊन बसवलं. ‘मी निघालो तेव्हा घंटा होती’ हे सांगणारं माणूस त्याला हवं होतं. आणि त्यापुढचा तासभर स्वतःला पाहणारी माणसं हवी होती.”

भाऊजींनी चष्मा काढून हातात घेतला.

“त्या तासात चोरी झालीच नाही, भाऊजी. सगळे जण त्या तासाचा हिशेब देत बसलेत आणि घंटा तर पूर्ण तासभर जागेवरच होती. तुम्ही आत गेलात तेव्हाही होती. तुम्ही चष्मा पुसत असताना ती एका मोठ्या कोटाच्या खिशात गेली, आणि खिशात किल्ल्या होत्या.”

वाडगा मध्येच पडून होता. मग भाऊजी म्हणाले, “पण वहिनी, त्यांनी का? घंटा तर त्यांचीच आहे म्हणायची.”

५

सरांची खोली वरच्या मजल्यावर, टोकाला. खिडकीतून फक्त पांढरं दिसत होतं, जणू ती खोली ढगात तरंगत होती. ताई आणि सर एकाच वर्गात शिकलेले. चारचौघांत त्या त्यांना सर म्हणत. आज दार लावून घेतलं.

“घंटा दे,” त्या म्हणाल्या.

सर हसले. “कसली घंटा? सूचना, तुझी झोप झालेली नाही.”

ताईंनी सगळं सांगितलं, काहीही चढवून न सांगता. गुरुवारची सुट्टी, खोट्या बाईंच्या नावानं संग्रहपालांना दिलेलं आवर्जून निमंत्रण, पहिली रांग, कोट, चष्म्यावरची वाफ, तो नाद.

“आणि पुरावा?” सरांनी विचारलं. “एका अर्धवट आंधळ्या माणसानं ऐकलेला भास?”

“पुरावा नाही माझ्याकडे. तेवढ्यावर पोलीस मला दारातही उभं करणार नाहीत.” ताई खुर्चीत टेकल्या. “पण माझे भाऊजी खोटं बोलत नाहीत, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्या खोलीत तुम्ही दोघंच होता. सोमवारी त्यांना चोर ठरवून घरी पाठवतील. तीस वर्षं ज्या माणसानं तुझी घंटा पुसली, त्याला. तेवढं तुझ्याच्यानं बघवेल?”

सर खिडकीकडे पाहत राहिले. मग उठले, पुस्तकांच्या मागं हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. त्याच्याशेजारी दुसरी एक लहानशी पुरचुंडी ठेवली.

“ही कसली?” ताईंनी विचारलं.

“उघड.”

आत काशाचा लोलक होता. बोराएवढा. त्यावर लोकरीचा धागा घट्ट, सुबक गुंडाळलेला, मूळचा लाल असावा.

“निबंध आधी छापला,” सर म्हणाले. “घंटा नंतर मिळाली. खिंडीखालच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं मला सांगितलं, वरच्या लोकांकडे न वाजणारी घंटा आहे. तेवढ्यावर मी अख्खा सिद्धान्त रचला. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी वर गेलो. एक म्हातारी उरली होती फक्त. तिनं घंटा माझ्या हातात दिली आणि मी ती उलटी करून पाहिली, तर आत हा लोलक.” त्यांनी डोळे मिटले. “खाली येऊन कानशीनं कडी घासून काढली. वाटलं, एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय.”

“आणि धाकटी?”

“तिलाच वाचवत होतो मी! यंत्राखाली घंटा गेली असती तर तिची पाच वर्षं मातीत गेली असती. चोरी झाली तर निदान प्रबंध तरी तसाच राहतो.”

“तिला वाचवत होतास,” ताई म्हणाल्या, “म्हणून तिची शिष्यवृत्ती घालवलीस.”

सरांनी ती लहान पुरचुंडी पुन्हा बांधायला घेतली.

“मी कुणाला सांगणार नाही,” ताई उठत म्हणाल्या. “तू सांगायचंस. कुलसचिवांना सोमवारच्या आत. आणि तिला, आजच.”

दार उघडलं तर समोर धाकटी उभी होती, हातात सरांसाठी आणलेला चहा. किती वेळची उभी होती ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. चहावर साय धरली होती.

६

सरांनी त्याच दिवशी कुलसचिवांपुढं सगळं कबूल केलं आणि विभागप्रमुखपद सोडलं. भाऊजींना कुणी माफीचं पत्र वगैरे दिलं नाही, पण कुलसचिव स्वतः संग्रहालयात येऊन बराच वेळ उगाच वस्तू पाहत उभे राहिले आणि जाताना “येतो हं” म्हणाले. भाऊजींना तेवढं पुरलं. पाहुण्यांचा तर विजयच झाला होता. पण ते काही दिवस उदास दिसत. शेवटी एकदा ताईंना म्हणाले, “मी म्हणत होतो ते खरं निघालं हो, पण मलाही ते लोक कोण होते हे कुठं ठाऊक आहे?”

धाकटी कुणाशीच बोलली नाही. खोलीचं दार बंद असायचं. परदेशातल्या संस्थेला तिनं स्वतःच सगळं खरं कळवलं, आणि आता बोलावणं रद्द होणार हे धरूनच चालली. तिकडून उत्तर आलं ते वेगळंच होतं: घंटा लोलकासकट आणा, विषय बदला, लागेल तेवढी मुदत घ्या.

ते उत्तर आलं त्या दिवशी ती ताईंच्या घरी आली.

“माझ्यासोबत सरांकडे येता? एकटीला जाववत नाही.”

सरांच्या घरी पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. दार त्यांनीच उघडलं. धाकटीला पाहून ते मागं सरले, बसायला सांगायचंही विसरले. ती आपणहून बसली आणि तिनं मध्ये ध्वनिमुद्रक ठेवला.

“सर, माफी वगैरे नको. मला ती म्हातारी सांगा. लोकर का गुंडाळतात, कुणी गुंडाळायची, कधी वाजवायची. ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत. तुमचं मत या वेळी नको.”

ताईंना वाटलं, सर आठवतायत. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू सरकत गेलं. डोंगराची सावली पुढं सरकते तसं.

“तिच्या कपाळावर गोंदण होतं,” ते म्हणाले. “तिनं मला बसायला पाट दिला. घंटा देताना ती बोलत होती. खूप बोलत होती. मी लोलकाकडेच बघत होतो.”

“काय बोलत होती?”

“मी ऐकलं नाही,” सर म्हणाले. “आठवत नाही असं नाही गं. मी ऐकलंच नाही. विचारलंही नाही.”

धाकटीनं ध्वनिमुद्रक बंद केला. ताईंना वाटलं, आता ही उठून जाईल आणि जन्मात या दाराशी येणार नाही. पण ती तशीच बसून राहिली. मग तिनं पिशवीतून कोरा कागद काढला आणि पेन्सिलीसह सरांपुढं सरकवला.

“वाट काढून द्या.”

“तिथं आता कुणी नाही. माणसं गेली, घरं पडली असतील.”

“खाली बाजार आहे ना? तिथं कुणाची सून असेल, नात असेल. एवढा समाज काय हवेत विरतो?” तिचा स्वर पहिल्यांदाच थोडा चढला. “वाट काढा, सर.”

सरांनी पेन्सिल घेतली. रेघ पक्की येत होती. नदी, लाकडी पूल, एक उभा चढ. मध्येच थांबून ते म्हणाले, “इथं एक झरा लागतो. पाणी पिऊन मगच पुढं जा, वर कुठं मिळत नाही.”

“बरं,” धाकटी म्हणाली, आणि खुर्ची जवळ ओढून नकाशावर वाकली.